वळसा

बायपास म्हटलं की आम्हाला दोनच ठाऊक:
एक कात्रजचा, एक दाजींच्या छातीतला.
तिसरा माझ्याच बॉनेटखाली निघाला
फुरसुंगीत, दस्तगीरच्या शेडमध्ये, मेच्या दुपारी.
वीतभर रबर,
इंजिनातून निघून इंजिनातच शिरणारं,
दारापर्यंत येऊन
चपला न काढता परतणाऱ्या पाहुण्यासारखं.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.
दस्तगीरने चष्मा कपाळावर सरकवला, बराच वेळ बघत राहिला.
क्लॅम्पच्या जागी तार, तारेला अडीच पीळ,
शेपूट आत दुमडलेलं.
"पीळ माझा आहे," म्हणाला.

नऊ वर्षांपूर्वी हीटरची जाळी गळायला लागली,
तेव्हाच्या मालकाचे बूट हिरव्या पाण्यात.
पुण्यात हीटर घेऊन काय पापड वाळवायचेत?
असं मीच म्हणालो होतो, म्हणाला.

मी पाणी विकते.
वीस लिटरचे पन्नास जार,
दिवे घाट चढून सासवडच्या मंगल कार्यालयांना.
दर खेपेला तिसऱ्या वळणावर काटा लाल.
मागे टनभर पाणी, पुढे घशाला कोरड.
मग गिऱ्हाइकाचा एक जार रेडिएटरला पाजते
आणि वहीत लिहिते: फुटला.

जुन्या बाजारातून जाळी आणली. दस्तगीरने
बादलीत बुडवून फुंकली. बुडबुडा नाही.
मग पाइप.
दुकानातला नवा पाइप नव्या जावयासारखा,
वाकायचं नाव नाही.
जवळची वाट एक्झॉस्टवरून जाते.
"जवळची वाट भाजते," म्हणाला, आणि लांबून नेला:
बॅटरीच्या मागून,
ब्रेकच्या नळीला न घासता,
फॅनबेल्टला चार बोटं सोडून,
केबिनच्या पत्र्यातल्या त्या दोन भोकांकडे
जी तेव्हापासून चिंध्यांनी बुजवलेली.
एक चिंधी निघाली कुणाच्या तरी ब्लाउजपीसची,
बुट्टा अजून लख्ख.
भोकांना आधी रबराच्या बांगड्या भरल्या,
नाहीतर पत्र्याची कड
सहा महिन्यांत पाइप कापते.

कोणता येणारा, कोणता जाणारा,
ते विसरू नये म्हणून येणाऱ्याला
तंबाखूच्या डबीतला चुना, बोटभर.

"ढील ठेव," माझ्या हातातला पाइप सैल करत म्हणाला,
"इंजिन एका तालात हलतं, केबिन दुसऱ्या.
ताणून बांधलंस तर तोंडापाशी फाटणार."
त्याचा मुलगा चाकणला राहायला गेलाय, दोन वर्षं झाली.
मी काही बोलले नाही.
मी क्लॅम्प आवळला.

पाणी भरलं. गाडीचं तोंड चढाला लावून,
झाकण उघडं ठेवून, तो पाइप दाबत राहिला,
तान्ह्या बाळाची पाठ थोपटावी तसा.
दोन मोठ्या ढेकरा आल्या
आणि पाणी झपकन खाली गेलं. परत भरलं.

"किती?"
"जाळीचे दे. पाइपचे दे.
चुकीचे पैसे मी तेव्हाच घेतलेत."

दुसऱ्या दिवशी दीड वाजता वडकी सोडली.
बाहेर रस्त्याचं डांबर मऊ.
दुसऱ्या वळणावर खिडक्या खाली केल्या
आणि हीटर पूर्ण उघडला.
पावलांवर भट्टीचं तोंड. पंजाबी ड्रेस पोटऱ्यांना चिकटला,
स्टिअरिंग घामाने निसटायला लागलं,
मागचा एसटीवाला हॉर्नवर हात ठेवूनच बसला.
काटा लालच्या अलीकडे थबकला.
थबकला, आणि मग कुरकुरत
एक रेघ मागे आला.
इंजिनाचा ताप माझ्या पायांत उतरत होता,
मी दात आवळून तो घेत होते.
वरच्या वळणावर खाली सगळं पुणं
धुरकट, पांढरं, तव्यासारखं.
बघायला थांबले नाही.

कार्यालयाच्या मागच्या दारात
खळदकर मॅनेजरने जार मोजले. परत मोजले.
मग माझ्याकडे, निथळणाऱ्या तोंडाकडे, संशयाने बघत:
"काय हो, आज एकही फुटला नाही?"