बंदुकीचा कान

मुजावर कादरभाईंकडे एक तोड्याची बंदूक होती,
उरुसाला बाहेर निघायची, एरवी गोधडीत.
अण्णांनी तिचं माप दोऱ्याने घेतलं.
दोरा चारदा दुमडला
आणि बंदूक तळहातात आली.

हे त्या वर्षीचं, जेव्हा बार्शीत काचेचं दुकान निघालं
आणि परंड्यातल्या लग्नांचे डाग तिकडून यायला लागले.
बागेसरी गार. मूस उपडी.
आई म्हणाली, लोकांच्या समया तरी उजळून द्या.
अण्णांनी गुरांच्या दवाखान्यातून
एक जाड सुई मागून आणली, बोथट झालेली.
नळी तीच.
दस्ता शिसवीचा, मोडक्या पाटाच्या पायातून.
तोडा म्हणून निरांजनाच्या वातीतलं एकच सूत.
नळीवर चांदीची वेल:
आधी पोलादाने खरवडायचं, उभं, आडवं, तिरपं,
मग केसाएवढी तार, मग हातोडीचे ठोके,
इतके हलके की ओट्यावरची चिमणी उडत नसे.
वेलीला सात पानं.
आठव्यालाही जागा होती, ती मोकळी सोडली.
तिथे कान यायचा.

बंदुकीलाही कान असतो,
आग तिथूनच आत जाते.

ताटे हवालदार आले ते दिवेलागणीला,
मोटारसायकल दारात सुरूच.
"उदावंत, हत्यारं करता म्हणं?"
अण्णांनी डबी उघडली. कापसात अकरा.
ताटेंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.
कागदावर लिहिलं: लांबी पावणेचार इंच.
वजनाला आमचाच तराजू.
"दोन मासे, तीन गुंजा."
"मासे लिहू? सायेब हासतेल मला."
मग पेन टोपणात घालून, हळूच,
"उडती का?"
"कान टोचला नाही अजून."
ताटे हसायला लागले ते थांबेनात.

पुढच्या बाजारी नातीला घेऊन आले.
तिचे कान टोचायचे राहिले होते,
आणि म्हण तर आहेच, सोनारानेच.
पोर ओरडली. अण्णांनी तिच्या मुठीत एक बंदूक दिली.
तिने ती तोंडात घातली, चोखली, गप्प झाली.
परत द्यायला कुणी आलं नाही,
मागायला आम्ही गेलो नाही.

नंतर हैदराबादेहून एक गृहस्थ आले.
भिंग स्वतःचं, बोलणं गोड.
"हिला चालती करून द्या, तिप्पट देतो."
अण्णा सामत्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिले.
"पोरीचे कान टोचतो ते तिनं ऐकावं म्हणून.
हिला काय ऐकवायचंय?"
गृहस्थ सगळ्या तशाच ठेवून निघून गेले.
आई दोन दिवस बोलली नाही.
घरात तेव्हा खरंच पैसे नव्हते,
हेही लिहायला हवं.

अण्णा गेले त्याला तीन उन्हाळे झाले.
परवा कापूस बदलायला डबी काढली.
एक ताटेंच्या नातीकडे, म्हणजे दहा असायला हव्यात.
दोनदा मोजल्या. अकरा.

अकरावीवर वेल आमचीच, सात पानांची,
आणि आठव्याच्या जागी भोक.
कधी केलं, कुणाच्या नकळत,
कापऱ्या हाताने की त्याआधी, मला माहीत नाही.
भोकात कडुलिंबाची काडी, इवलीशी,
आमच्या कानात ठेवायचे तशी,
बुजू नये म्हणून.

काडी काढली नाही.
नळी नाकाशी नेली.
दारू नाही, धूर नाही,
खोबरेल आणि हळद.

पुन्हा कापसात निजवली तिला,
कान वरच्या बाजूला करून.