तळाचा हिशेब

"उरलेले चारही हरा," दशपुत्रे म्हणतात,
"तळाला राहिलो की निवडीत पहिला हात आपला.
महूचा तो पोरगा,
सहा फूट आठ, मिसरूडही फुटली नाही अजून."

रेसकोर्स रोड. कोर्टाच्या थंड पायऱ्या.
गराडूवर जीरावन भुरभुरत नलूताई:
"म्हणजे तिकीट काढून हरणं बघायचं?"

मला हिशेब पटतो. खरंच पटतो.

तेवढ्यात बदली आलेला वझे,
एकोणीस गुणांनी मागे असताना,
बाहेर निघालेल्या चेंडूमागे झेपावला,
खुर्च्यांवर आदळला.
चेंडू आत.

दशपुत्रे उभे. द्रोण पायाशी उपडा.
"मूर्ख आहे लेकाचा!" टाळ्या वाजवत.

"महूचा आला की
याचीच जागा जाईल ना?"

दशपुत्रे वाकून
सांडलेले गराडू वेचत राहिले.