एक कोटी एकोणीस

उद्यमनगरात आमच्या ऑटो लेथला
आठ घरांचा काउंटर आहे.
दर पितळी बुशामागं एक आकडा. टक्.

मंगळवारी रात्रपाळीत, तीन वाजून दहाला,
सातही नऊ एकदम कलंडले:
एक कोटी.
मगदूम मालक मफलर गुंडाळून स्कूटरवर आले,
मशीनला हार, आम्हाला पेढे.
पेढा खाल्ला मी. पण एक कोटीत आहे काय?
सात वेळा दोन, सात वेळा पाच. बास.
कुणीही यावं, वाटून न्यावं.

माझा जीव पुढच्या एकोणिसाव्यात.

दिवाळीपासून भागत होतो,
जॉबकार्डांच्या पाठीवर, पेन्सिलीनं.
आधी कोटी तेरावर भरवसा ठेवला होता,
तिला चारशे एकवीसनं निःशेष कापलं.
मग ही.
तीननं भागलं, दोन उरले. सातनं, एक.
अकरानं सात, तेरानं तीन, सतरानं पुन्हा सात.
एकतीसशे बासष्टच्या पुढं जायचं कारण नाही,
पण त्याच्या आत चारशे सेहेचाळीस मूळ संख्या
आणि प्रत्येकीनं ताटात काहीतरी टाकलंच.
शेवटची एकतीसशे सदतीस.
बाकी चोवीसशे.
चहा गार झाला होता.

मिलिंगवरचा इब्राहीम शिकलगार म्हणाला,
"भागच जाईना, म्हंजे वायाच की रं."
मी म्हणालो, मागं वळून बघ,
नव्व्याण्णव लाख नव्व्याण्णव हजार नऊशे एक्याण्णव,
तिथून हिच्यापर्यंत मधे सत्तावीस आकडे.
सत्तावीस नक्षत्रांत निदान एक मूळ असतं,
ह्या सत्तावीसांत तेही नाही.
तो हसला. चिप्स झाडायला लागला.

हार काढला, मशीन पुन्हा सुरू.
सोळा. सतरा. अठरा.
टक्.

कूलंटमधनं उचलला. कोमट, तेलकट.
गेज लावला: आधीच्यासारखाच, नंतरच्यासारखाच.
खिशात टाकावा असं आलं मनात.
पण मग उरलेल्यांना लगेच दोननं भाग गेला असता,
सातनंसुद्धा.

शंभराच्या खोक्यात ठेवला.
कागलकडं कुठल्या तरी पंपात बसंल,
पाणी ओढंल.

तोवर वीस पडला.