थर्मोकोलचा दगड

वारझाझातच्या माळावर
हेम्मूचा हा अकरावा गुलाम.
रोममध्ये तीनदा मेला, जेरुसलेमात एकदा,
बाकी सगळे इजिप्तचे.
मनगटावरचा घड्याळाचा पांढरा पट्टा
रोज सकाळी मातीने झाकायचा,
मग चार हजार वर्षं मागे.

दगड थर्मोकोलचा.
एका हाताने उचलतो,
म्हणून वजन आपणच आणायचं:
मान खाली, गुडघ्यांत कंप, दातावर दात.
चाबूकवाला इद्दर त्याचा मावसभाऊ.
फटका हवेत मारतो,
आवाज नंतर भरतात.

जेवणाच्या सुट्टीत हेम्मू गाठतो
इतिहासाच्या सल्लागार बाईंना. लिऑंहून आल्यात.
"बाई, ही माणसं खायची काय?"
"पाव, कांदे, बीअर. मांससुद्धा.
हाडांचे ढीग सापडलेत."
"आणि हात मोडला तर?"
"बसवायचे. नीट जुळलेली हाडं आहेत.
थडगीही आहेत त्यांची,
तिथेच, पिरॅमिडच्या शेजाराला."
"म्हणजे गुलाम नव्हते?"
"आपण समजतो तसे नव्हते."
"मग आपण तसं का समजतो?
हा चाबूक लिहिला कुणी?"

बाई बाटलीचं झाकण
उघडतात, लावतात, उघडतात.

मग हेम्मू न विचारताच सांगतो.
माझा आजा रस्त्याच्या कामावर होता,
तो बघा, तो घाट.
दगड खरा, पाठीवर.
चाबूक नव्हता हो. एक टोपीवाला होता,
सावलीत बसलेला, मांडीवर वही.
नावापुढे फुली पडली तर दिवस भरला,
नाही पडली तर तोच दिवस पुन्हा.
आजाचा उजवा हात कोपरात वाकडा राहिला,
मरेपर्यंत.
तो नाही कुणी बसवला.

"हे लिहिलेलं आहे कुठे?"
बाई सवयीने विचारून जातात.
"वहीत असेल की," हेम्मू म्हणतो,
"वही तुमच्याकडे गेली."

भोंगा होतो.
तीनशे माणसं ढुंगणं झटकत उठतात.
कर्ण्यातून कोणी ओरडतं, वजन, अजून वजन!
हेम्मू उजवा हात कोपरात जरासा वाकवतो
आणि दगडाखाली शिरतो.
कॅमेऱ्यामागचा म्हणतो, हां,
आता खरं वाटतंय.

पाच वाजता वारा सुटला.
दगड माळभर उडत सुटले,
आणि फेरोचे शिपाई, गुलाम, इद्दर चाबकासकट,
चहावाला पोरगा,
शेवटी चपला हातात घेतलेल्या बाईसुद्धा
इतिहासामागे धावल्या.
दोन दगड तेवढे घाटाकडे गेले.