कुठला गाल लाल आहे?

वडगावात रात्री माग थांबले
की बाळं दचकून जागी होतात.
आमची रेणू तशीच.
लाईट गेली, खटखट बंद पडली,
आणि हिने मूठ तोंडात घालून जो सूर लावला,
खांद्यावर घेतलं की गप्प,
खाली ठेवलं की पुन्हा.
सासूबाईंनी ओव्याची पुरचुंडी तव्यावर ठेवली.
हे म्हणाले, दात येताना सगळीच रडतात.
सकाळी मी म्हटलं, बाईंच्याकडं जाऊन येतो.
आमच्या बेळगावात बायकाही 'येतो'च म्हणतात.

बाई म्हणजे डॉक्टर नीलांबिका कलमठ.
खासबागेत, पिठाच्या गिरणीवरचा दवाखाना.
जिन्याला जोंधळ्याचा वास,
वर कपाटभर बुचाच्या बाटल्या.
बा, कूड, म्हणाल्या, आणि वही उघडली.
कुठला गाल लाल आहे?
मला काही समजेना.
रेणूकडं बघितलं, तर खरंच,
डावा तापलेला, उजवा फिका.
आठ महिने मांडीवर असलेलं तोंड
मी असं कधी बघितलंच नव्हतं.

मग आणखी विचारलं.
तहान लागते का, घोट घोट की घटाघटा.
पंखा आवडतो का. झोपेत पाय उघडे टाकते का.
आणि शेवटी, पेन न उचलता,
ही पोटात होती तेव्हा तू कशाला भ्यालीस?

त्या वर्षी चार महिने माग बंद होते.
साडीला गिऱ्हाईक नव्हतं.
हे रात्री उठून बसायचे, मी झोपेचं सोंग घ्यायचो.
हे मी आईलाही सांगितलं नव्हतं.
बाईंना सांगितलं.
त्यांनी कानडीत एक ओळ लिहिली
आणि साखरेच्या गोळ्यांवर चार थेंब टाकले.
हात लावू नको, झाकणातून दे,
घरात कापूर नको.
देवापुढचा कापूर आठ दिवस डब्यात राहिला,
सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत.

रेणू झोपली.
गोळ्यांनी की दात वर आला म्हणून,
मला अजून माहीत नाही.
पुढं बारा बाटल्यांची एक पेटी घरीच आणली.
सर्दीला ही, पडली-धडपडली तर ती,
मी गल्लीत अर्धा डॉक्टर झालो.

तीन वर्षांची असताना, मार्गशीर्षात,
रात्री दोनला तिची छाती ओढायला लागली.
मी पेटी उघडून बसलो,
कुठल्या कुशीवर झोपली आहे ते बघत.
बाईंना फोन लावला, सगळं सांगायला लागलो.
त्यांनी मधेच तोडलं.
गाल सोड. श्वास मोज. एक मिनिट.
अठ्ठावन्न.
बरगड्या आत जातात? जातात.
पेटी बंद कर. सिव्हिलला नीघ, आत्ता.

आम्ही पोचलो तेव्हा
साडीवर नवऱ्याचा स्वेटर घालून
बाई दारात उभ्या होत्या.
तिथं नाव विचारलं, वय, वजन,
नाकाला नळी लावली, हातात सुई घातली.
पाच दिवसांत पोरगी हसायला लागली.
तिथं कुणी मला काही विचारलं नाही.
तक्रार नाही, तेवढा वेळच नव्हता.
नंतर बाईंना विचारलं, मग तुमच्या गोळ्या?
म्हणाल्या, आपलं हत्यार कुठं चालत नाही
ते आधी कळायला लागतं.

यंदा गुडघ्यांनी जिना नको म्हटलं.
दवाखाना आवरताना बाईंनी
ज्याचे त्याला जुने कागद देऊन टाकले.
रेणू आता तिसरीत आहे,
दुकानांच्या कानडी पाट्या वाचत चालते.
चुलीपाशी बसून तिनं कागद उलगडला,
बोट ठेवून, अक्षर अक्षर लावून वाचलं,
ताई हेदरिद्दळु.
आई, कानडीत ताई म्हणजे आई,
आणि हे म्हणजे, भ्यालेली होती.
कशाला भ्यालेली होतीस गं तू?

बाहेर माग चालू होते.
भाकरी उलटायची राहिली.
मी तिचे गाल बघितले,
आधी डावा, मग उजवा.