जोडलेलं आहे, इंटरनेट नाही

विडी घरकुलात दुपारचे दोन,
पत्र्याखाली त्रेचाळीस अंश,
आणि लॅपटॉपच्या कोपऱ्यात
वायफायच्या सगळ्या कमानी भरलेल्या.
शेजारी पिवळा त्रिकोण, पोटात उद्गारचिन्ह,
गृहपाठाच्या वहीवर बाई काढायच्या तसं.

जोडलेलं आहे, म्हणतो.
इंटरनेट नाही, म्हणतो.
मग जोडलेलं आहे कशाशी?
फडताळावरच्या त्या पांढऱ्या डबीशी.
मी आणि डबी. एवढंच जग.

चार वाजता पुण्याच्या कंपनीची मुलाखत.
कॅमेऱ्यात येईल तेवढी भिंत मी सकाळीच पुसली,
अम्माचं विड्यांचं सूप खाटेखाली सरकवलं.

डबी बंद केली. तीस मोजले.
चोविसाला धीर सुटला, परत एकपासून मोजले.
हे नेटवर्क विसर म्हटलं, विसरला.
पासवर्ड पुन्हा घातला :
अम्माचं नाव, पुढं नायनांचा कारखान्यातला बिल्ला नंबर.
लगेच ओळख पटली. उपयोग शून्य.
काळ्या खिडकीत डबीचा पत्ता टाकला,
डबी चारदा हजर म्हणाली.
बाहेरचा पत्ता टाकला :
विनंतीची वेळ संपली.
विनंतीची वेळ संपली.
रेशनच्या खिडकीवर ऐकावं तसं.

भिंतीपलीकडं ओरडून विचारलं,
मल्लव्वा, तुमचं येऊलालंय का?
येऊलालंय की! सिरियल बघूलालोय.

म्हणजे खांब ठीक, गल्ली ठीक,
बिघाड आपल्याच घरात.

नायना खाटेवरून बघत होते.
"धागा तुटला असंल," म्हणाले.
मी चिडून म्हटलं, वायरलेस आहे हे नायना,
यात धागा नसतो.
ते गप्प. पंख्याकडं बघत बसले.

सव्वातीनला श्रीशैल आला, घामानं निथळत,
आधी तांब्याभर पाणी प्यायला.
लॅपटॉपकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही.
डबी उचलून खालचा बारका दिवा दाखवला. लाल.
दीड तास मी वरच बघत होते.

"आत काच असती, ताई. केसाएवढी.
काचेतनं उजेड येतो, त्याचं नेट होतं."
खिशातून पेनासारखं काही काढलं,
वायरीच्या टोकाला लावून बटण दाबलं.
मग खिडकी ओढून घेतली,
आणि अंधारात आम्हाला ती दिसली,
गजाजवळ, वाळत घातलेल्या टॉवेलच्या मागं :
एक गाठ.
आतून लालभडक, निखाऱ्यासारखी.

"हे कुणी केलं बे?"

कुणी बोललं नाही.
तसली गाठ सोलापुरात हजारोंना येते,
पण इतकी चपटी, इतकी नीट
आमच्या घरात एकालाच.
बत्तीस वर्षं चार मागांवर,
धागा तुटला की पातं लवायच्या आत
अंगठा, तर्जनी, झालं.
ढिली लोंबणारी वायर
त्यांच्या डोळ्यांना सहन झाली नसणार.

"मुडी," नायना हळूच म्हणाले, तेलुगूत,
चूक कबूल करताना ते मराठी बोलत नाहीत.
मग श्रीशैलला, मराठीत : "काचंला गाठ चालत न्हाई?"
"न्हाई, काका. काचंला वळणच सोसत न्हाई."
"मग तुटली तर जोडायची कशी?"
श्रीशैलनं दाखवलं. सोलली, पुसली, कापली,
टोक टोपणात बसवलं.
नायना इतके वाकले होते
की त्याला म्हणावं लागलं, काका, सावली.

चार वाजून दोन मिनिटांनी पुणं दिसलं.
निळा शर्ट, मागं कुंडीतलं झाड.
आवाज येतोय का? येतोय.
तुम्ही सोडवलेली एखादी अडचण सांगा.

कॅमेऱ्याच्या कडेबाहेर खाटेवर
नायना कापून टाकलेला तुकडा घेऊन बसले होते,
अंगठ्याच्या नखानं गाठ सोडवत.

मी जरा थांबले.
तिकडून विचारलं, हॅलो, नेट गेलं का?