काळ चुकला

त्या जुलैत सरकारने न्यूफाउंडलंडभर कॉड धरायला बंदी केली.
मी सत्तेचाळीस वर्षांचा.
होडी चुलतभावाच्या आवारात पालथी घातली
आणि सप्टेंबरात मुकाट्याने शाळेत गेलो,
कारण हजेरी लागली तरच चेक.

तीच शाळा, टेकाडावरची.
सहावीत सोडली होती,
बापाला दुसरं वल्हं धरायला कुणी नव्हतं म्हणून.
आता बाकाखाली गुडघे मावत नाहीत.
बाकावर माझ्याच पोरीचं नाव कोरलेलं,
पुढे बदाम,
बदामात एक अक्षर, जे माझ्या जावयाचं नाही.
घरी मी काही बोललो नाही.

आम्ही चौदा जण, भर दिवसा छपराखाली.
वारा फिरला की चौदा डोकी
एकदम खिडकीकडे वळतात
आणि ओशाळून परत फळ्याकडे.
शिकवायला बर्नाडेट, सायलस पेनीची धाकटी.
सायलस शेवटच्या बाकावर.
हात वर करून लेकीला 'मिस' म्हणतो,
बाहेर जायची परवानगी मागतो.
ती देते, त्याच्याकडे न बघता.

अपूर्णांक जड गेले नाहीत.
होडीचा एक वाटा, जाळ्याचा एक,
उरलेल्यात तिघे भाऊ,
हे तर मी झोपेतही सोडवतो.
स्पेलिंगात मात्र पार गाळात रुतलो.

ऑक्टोबरात निबंध आला: माझं काम.
पेन्सिलीने दीड पान लिहिलं.
एवढं सलग आयुष्यात एकदाच लिहिलं होतं,
डोरीनला, लग्नाआधी,
तेही थोरल्या बहिणीने सुधारून दिलेलं.
लिहिलं:
पहाटे तीनला उठतो.
चाळीस वावांवर जाळं टाकतो.
धुकं असलं तर खडकावरच्या पाखरांच्या कलकलाटावरून
वाट काढतो.
घरी येतो तेव्हा बायको म्हणते,
आधी हात धू, आणि माझा साबण वापरू नको.

वही परत आली.
उठतो वर लाल काट, शेजारी उठायचो.
टाकतो, टाकायचो.
काढतो, काढायचो.
समासात बारीक अक्षरात: काळ चुकला.

तास सुटल्यावर गेलो तिच्याकडे.
म्हटलं, मिस, यात चूक काय?
ती डस्टर झटकत राहिली,
झटकायला खडू उरला नव्हता तरी.
मग म्हणाली, परीक्षेत गुण जातील, अ‍ॅम्ब्रोजकाका.

रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो, खोडरबर घेऊन.
उठतो खोडलं. टाकतो खोडलं.
दोरांनी खरवडलेला अंगठा जरा जोरात पडला
आणि कागद फाटला,
नेमका धुक्यापाशी.
डोरीनने न विचारता चिकटपट्टी आणून दिली
आणि समोर बसून पुन्हा बटाटे सोलू लागली.

बायको म्हणते, पाशी आलो.
तिच्याकडे बघितलं.
ते तसंच ठेवलं.
एक गुण गेला तर गेला.